उसाखालचं पाणी आणि उपग्रहाचा निवाडा

कृष्णेला महापूर आला की सांगलीत आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे आकडे चढतात आणि त्यांच्या मागोमाग एक युक्तिवादही चढत जातो. आकाशात रडारवाले उपग्रह फिरत असताना चिखल तुडवत पंचनामे कशाला करायचे? नकाशा काढा, त्यावर गट नंबर टाका, पैसे खात्यात जमा करा. वर्षाचे तेरा महिने हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला हे ऐकायला गोड वाटतं, आणि बोलणाऱ्याला आधुनिक असल्याचं समाधान मिळतं.

युक्तिवाद दुबळा करून खोडण्यात अर्थ नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. रडारला ढग अडवत नाहीत, रात्र अडवत नाही. ध्रुवावर महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तरी हाच उपग्रह तिथल्या समुद्रावरचा यंदाचा बर्फ आणि जुना, मुरलेला बर्फ वेगवेगळा ओळखतो. त्यावर जहाजं वाट काढतात. ज्याला बर्फाची जात कळते, त्याला भिलवडीचं किंवा अंकलखोपचं रान बुडालं की नाही एवढं कळणार नाही? शिवाय उपग्रह चिरीमिरी मागत नाही, भावकी बघत नाही, कुणाच्या बांधावर चहा पीत नाही.

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. रडारच्या नकाशावर पाणी दिसलं, तर तेवढ्या पुराव्यावर मदतीचा पहिला हप्ता तातडीनं द्यायला हरकत नसावी. माझा विरोध उरलेल्या अर्ध्याला आहे. नकाशावर पाणी दिसत नाही म्हणून रान कोरडंच होतं, असं म्हणणं भौतिकशास्त्राला धरून नाही, आणि ज्या ध्रुवीय बर्फाचा दाखला दिला जातो त्याच्या अभ्यासकांच्या रिवाजालाही धरून नाही. रडारचा होकार आणि रडारचा नकार यांचं वजन सारखं नसतं. सांगलीच्या ऊसपट्ट्यात तर ते मुळीच सारखं नाही.

आधी तो ध्रुवाचाच हुकमी पत्ता बघू.

रडार म्हणजे कॅमेरा नव्हे. मडकं विकत घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं ते काम करतं. उपग्रह स्वतः सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो. लहर आडव्या कंपनाची सोडायची की उभ्या, आणि परतताना कुठलं कंपन मोजायचं, यावरून चार जोड्या होतात: आडवी-आडवी, उभी-उभी आणि दोन मिश्र. या जोड्यांच्या तुलनेला ध्रुवीकरणमिती म्हणतात. खालचा पृष्ठभाग कसा आहे त्यानुसार प्रतिध्वनी बदलतो. शांत पाण्यावरून लहर आरशावरून घसरल्यासारखी पुढे निघून जाते, म्हणून पाणी काळं दिसतं. ढेकळांच्या रानावरून ती थोडी परत येते. भिंत आणि जमीन, किंवा खोड आणि पाणी, अशा काटकोनात सापडली तर दोनदा आपटून जोरात परत येते. पानांच्या गर्दीत शिरली तर इकडंतिकडं ठेचकाळत कंपनाची दिशाच बदलून बसते. परतलेल्या ऊर्जेची अशी तीन वाटण्यांत फोड करण्याची रीत फ्रीमन आणि डर्डन यांनी १९९८ साली मांडली आणि ती आजही शिकवली जाते.

बर्फाचं वर्गीकरण याच तत्त्वावर चालतं. एका हिवाळ्यात गोठलेल्या बर्फात खारट पाण्याचे कप्पे अडकलेले असतात. ते लहरीला आत शिरू देत नाहीत, म्हणून प्रतिध्वनी वरच्या पृष्ठभागावरून येतो. उन्हाळा पार करून टिकलेल्या बर्फातून मीठ निथळून गेलेलं असतं आणि त्या जागी हवेचे बुडबुडे असतात. लहर आत शिरते, बुडबुड्यांवर विखुरते आणि मिश्र जोडीत उजळ होऊन परत येते. हिवाळ्यात हा फरक छान दिसतो. पण उन्हाळ्यात बर्फावर ओल धरली की ती ओल लहर गिळते आणि नवा-जुना भेद पुसट होतो. वारा सुटला की खवळलेलं मोकळं पाणी बर्फाइतकंच उजळ दिसू शकतं. उलट नुकताच धरलेला, १० सेंटिमीटरपेक्षा पातळ, गुळगुळीत बर्फ शांत पाण्यासारखा काळा दिसतो; आणि त्याच्यावर हिमाची नाजूक फुलं उमलली की तोच अचानक चकाकतो. म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचा प्रतिध्वनी एकसारखा असू शकतो आणि एकाच वस्तूचे प्रतिध्वनी दोन दिवसांत वेगळे असू शकतात.

ही गोष्ट बर्फाच्या अभ्यासकांना पुरती ठाऊक आहे. म्हणून कॅनडा, नॉर्वे, डेन्मार्क यांच्या बर्फसेवांमध्ये रडारची चित्रं आजही अनुभवी माणसं वाचतात. हवामान, वारा, कालचा नकाशा, जहाजांचे निरोप हे सगळं शेजारी ठेवून ती बर्फाच्या सीमा आखतात. यंत्राला बर्फ ओळखायला शिकवण्याची ‘ऑटोआइस’ नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही वर्षांपूर्वी झाली, तेव्हा यंत्राला ‘बरोबर उत्तर’ म्हणून दिलं होतं ते अशाच माणसांनी आखलेल्या नकाशांचं संकलन. आपलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे. अंटार्क्टिकातल्या भारती आणि मैत्री तळांना रसद घेऊन जाणाऱ्या जहाजांना बर्फातून जावं लागतं. उपग्रहाचं चित्र हाताशी असलं म्हणून त्या जहाजावरचा कप्तान डोळे मिटून सुकाणू धरत नाही. ध्रुवाचा दाखला द्यायचाच असेल, तर तो पुरता द्या: तिथं माणसाला कामावरून काढलेलं नाही.

आता कृष्णाकाठी येऊ.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१च्या जुलैत ते पुन्हा ५५ फुटांच्या घरात पोचलं. या दोन्ही वेळी नदीकाठच्या रानात उभं काय होतं? आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस. बारा-तेरा महिन्यांचा हा ऊस पुरुषभर उंचीच्या दुपटीनं वाढलेला आणि पाल्यानं गच्च असतो. पाणी त्याच्या शेंड्यावरून गेलं तर प्रश्नच नाही, रडारला सपाट पाणी दिसेल आणि नकाशा बरोबर येईल. पण पूर काही कातरल्यासारखा एका रेषेत थांबत नाही. पात्रापासून दूर तो उतरत जातो आणि मैलोन्‌मैल असा पट्टा राहतो की जिथं उसाच्या बुडाला चार-पाच फूट पाणी आहे आणि वर हिरवा पाला डुलतो आहे.

युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ हा उपग्रह फुकट चित्रं देतो, म्हणून जगभर पुराचे नकाशे बहुतेक त्याच्यावर काढले जातात. त्याच्या लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. उसाचं पान याहून कितीतरी लांब आणि पानांची गर्दी दाट. ही लहर वरच्या पाल्यातच अडकते, विखुरते आणि परत येते. खाली पाणी आहे की कोरडी सरी, हे तिला कळतच नाही. नकाशावर तो गट हिरवागार, निरोगी, न बुडालेला असा नोंदला जातो. यात उपग्रहाचा दोष नाही. त्यानं पाला मोजला आणि पाला होताच. दोष त्याचा, ज्यानं त्या पाल्याचा अर्थ ‘पूर नव्हता’ असा लावला.

यात एक विचित्र योगही आहे. झाडोऱ्याखालचं पाणी शोधायला आडवी-आडवी जोडी जास्त उपयोगी, कारण उभी खोडं उभ्या कंपनाची लहर जास्त खातात. सेंटिनेल-१ ध्रुवीय समुद्रावर नेमकी आडवी-आडवी आणि तिची मिश्र जोडी वापरतो, कारण बर्फ ओळखायला ती बरी. जमिनीवर मात्र त्याचा नेहमीचा रिवाज उभी-उभी आणि तिची मिश्र जोडी हा आहे. म्हणजे उसाखालचं पाणी शोधायला जे हत्यार त्यातल्या त्यात बरं, ते आर्क्टिकच्या वाट्याला जातं आणि आपल्या वाट्याला दुसरं येतं. त्यातही चारही जोड्या एकदम मोजल्या तरच वर सांगितलेली तीन वाटण्यांची फोड नीट करता येते. इथं दोनच हातात असतात. ‘ध्रुवीय बर्फ ओळखतो तो ऊस ओळखणारच’ असं म्हणणाऱ्यानं ही साधी चौकशी तरी केलेली असावी.

शहराची गोष्ट याच्याही पलीकडची. गावभागात, मारुती चौकात, कर्नाळ रस्त्याला घराघरांत पाणी शिरलं होतं. पण भिंत आणि पाणी यांचा काटकोन झाला की लहर दोनदा आपटून जोरात परत येते, त्यामुळे बुडालेली गल्ली काळी न दिसता उलट जास्त उजळ दिसू शकते. ‘काळं ते पाणी’ एवढ्याच नियमावर चालणारा नकाशा सांगलीची पेठ कोरडी दाखवेल आणि सांगलीवाडीचं मोकळं रान बुडालेलं दाखवेल. त्यातून पावसाळी वारा जोरात असला तर मोकळ्या पुरावरही लाटा उठतात आणि पाणी उजळतं. ध्रुवावरच्या समुद्राला होतं तेच.

सातारा जिल्ह्यात चूक उलट्या बाजूनं होते. पाटण, जावळीच्या डोंगराळ भागात जुलै महिन्यात भाताची खाचरं मुद्दाम पाण्यानं भरलेली असतात. रोप लागण नुकतीच झालेली, पाणी शांत. रडारला ते पुराचं पाणीच वाटणार. सह्याद्रीचे तीव्र उतारही आहेत. उपग्रह तिरपा बघतो, त्यामुळे त्याच्याकडे पाठ असलेल्या उताराची सावली पडते आणि सावली काळी, म्हणजे पुन्हा ‘पाणी’. तोंड त्याच्याकडे असलेला उभा कडा स्वतःवरच दुमडल्यासारखा दिसतो आणि पायथ्याची वस्ती त्या दुमडीत गडप होते. २२ जुलै २०२१च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्या गावांना पहिला उपयोग झाला तो वाट तुडवत पोचलेल्या माणसांचा.

तेव्हा एकच नियम पाटणला लावला तर पूर नसलेल्या जागी पूर दाखवतो आणि सांगलीतल्या पलूसला लावला तर असलेला पूर झाकतो. चुका दोन्हीकडे आहेत, पण त्यांचं फळ सारखं नाही. खोटा होकार मिळालेल्याचा खोटेपणा तलाठ्याच्या एका फेरीत उघडा पडतो. खोटा नकार मिळालेल्याकडे मात्र कुणी फिरकतच नाही, कारण त्याचं नाव यादीतच नसतं.

‘पण आता नेमकेपणा ९० टक्क्यांच्या वर गेला आहे’, हा पुढचा मुद्दा. या आकड्याची फोड करून बघा. समजा हजार गट आहेत. त्यातले ८०० नदीपासून लांब, माळावर, कोरडे आहेत. २०० खरोखर बुडालेले आहेत. यंत्रानं माळावरचे ८०० बरोबर कोरडे सांगितले आणि बुडालेल्यांपैकी १०० पकडले. हजारातली ९०० उत्तरं बरोबर, नेमकेपणा ९० टक्के. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यातले निम्मे शेतकरी बाहेर! हा आकडा मी समजावण्यापुरता घेतला आहे, पण ‘एकूण नेमकेपणा’ ही भाषा काय झाकू शकते ते त्यातून कळतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: उभ्या उसातलं किती पाणी पकडलं? सोयाबीनमधलं किती? वस्तीतलं किती? पीकवार चूक न सांगणारा नकाशा कितीही रंगीत असला, तरी तो निवाड्याला लायक नाही.

गुंठ्याचाही हिशोब करू. सेंटिनेल-१च्या चित्रातला एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरच्या आसपास. म्हणून मोठ्या हौसेनं सांगितलं जातं की उपग्रहाला गुंठा-गुंठा दिसतो. पण चौकोन एवढा असला तरी उपकरणाची खरी विभेदनक्षमता साधारण २० बाय २२ मीटर आहे, म्हणजे चार गुंठ्यांहून जास्त. त्यात रडारच्या प्रत्येक चित्रात ठिपक्यांचा एक अंगभूत गोंगाट असतो आणि तो घालवायला शेजारच्या चौकोनांची सरासरी घ्यावी लागते. सात बाय सातची चाळण लावली तर ४९ गुंठ्यांची सरासरी झाली. एकरभर! आणि भावाभावांत वाटून कृष्णाकाठी कितीतरी खातेदारांकडे एकरसुद्धा सलग राहिलेला नाही. ध्रुवावर बर्फाचा पट्टा काही किलोमीटर रुंद असतो, तिथं ही सरासरी खपून जाते. सात-बाऱ्यावर ती खपत नाही.

वेळेचा मुद्दा तर रडारच्या हातातलाच नाही. एकटा सेंटिनेल त्याच वाटेवर १२ दिवसांनी परत येतो. जोडीनं असले तर सहा दिवसांनी. इतर उपग्रहांची, आपल्या ईओएस-०४ ची भर घातली तरी पुराच्या प्रत्येक दिवसाचं चित्र मिळेलच अशी हमी नाही. पुराचा माथा कुठल्या दिवशी येईल हे कोयनेतून किती पाणी सुटलं, वारणा किती फुगली आणि हरिपूरच्या संगमावर कोण कुणाला अडवतं यावर ठरतं, उपग्रहाच्या वेळापत्रकावर ठरत नाही. आपले निकष मात्र वेळ मागतात. २०१९च्या पुरात ‘घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर’ या अटीवरून केवढा गदारोळ उठला होता, तो सांगली-कोल्हापूरच्या लोकांना आठवत असेल. एका क्षणाचं चित्र दोन दिवसांची साक्ष कशी देणार?

आणि पाणी शिरणं म्हणजेच नुकसान नव्हे. पिकाच्या मदतीला किमान ३३ टक्के नुकसानीचा निकष आहे. भुईमूग, सोयाबीन पाण्याखाली फार दिवस तग धरत नाहीत. ऊस चिवट आहे. बुडात काही दिवस पाणी उभं राहिलं तरी तो वाचतो. पण पोंग्यात गाळाचं पाणी बसलं की शेंडा कुजतो, कांडीवर पांगशा फुटतात आणि कारखान्याला जाईपर्यंत वजनही जातं, उताराही जातो. हे पोंगा उपसून बघितल्याशिवाय कळत नाही. पुरानंतर पंधरा दिवसांनी आकाशातून तो फड तसाच हिरवा दिसत असतो. हरिपूरच्या जमिनीखालच्या हळदीच्या पेवांत २००५च्या महापुरात पाणी शिरलं. त्या नुकसानीची तर जमिनीवर खूणसुद्धा नव्हती.

आता तो सगळ्यात लोकप्रिय मुद्दा: तलाठी पैसे खातो, उपग्रह खात नाही.

तलाठ्याच्या बाजूनं वकिली करायला मी उभा नाही. चावडीत बसून केलेले पंचनामे, वाटेकऱ्याचं न लागलेलं नाव, ओळखीवर वाढलेलं क्षेत्र, हे सगळं गावोगाव माहीत आहे. पण यंत्र निःपक्षपाती असतं हा समज भाबडा आहे. प्रतिध्वनी किती क्षीण झाला म्हणजे ‘पाणी’ म्हणायचं, तो उंबरठा कुणीतरी माणूसच ठरवतो. तो जरा वर-खाली केला की शेकडो गट यादीत येतात किंवा यादीतून जातात. आणि हा माणूस गावात येत नाही, त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, त्याच्या निर्णयावर पंचांच्या सह्या नसतात. चुकीच्या पंचनाम्याविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येतं, ग्रामसभेत आरडाओरडा करता येतो, माहिती अधिकारात कागद मागता येतो. चुकीच्या उंबरठ्याविरुद्ध शेतकऱ्यानं कुणाच्या दारात उभं राहायचं? भ्रष्ट माणसाच्या जागी बेजबाबदार आकडा बसवणं ही सुधारणा नव्हे. उंटावरून शेळ्या हाकण्याची खोड जुनीच आहे; फक्त उंट आता कितीतरी उंच झाला आहे.

हे भय काल्पनिक आहे असं वाटत असेल, तर याच दोन जिल्ह्यांतला दुष्काळाचा दाखला घ्या. २०१६च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, भूजल, जमिनीतली ओल आणि उपग्रहावरून मोजलेला पिकांचा हिरवेपणा यांच्या निर्देशांकांवर दुष्काळ ठरू लागला. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत सांगलीतले शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज होते. जत आणि आटपाडी नव्हते. साताऱ्यातले वाई आणि खंडाळा होते. माण आणि खटाव नव्हते. चांदोलीचं धरण ज्या तालुक्यात, तो शिराळा दुष्काळी आणि जत बाहेर! निर्देशांकांचं गणित कदाचित चोख असेल, कारण ते प्रत्येक तालुक्याला त्याच्याच सरासरीशी ताडून बघतं. पण जिथं सरासरीच हलाखीची आहे तिथं ‘सरासरीइतकं’ म्हणजे काय, हे माणमधल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर कळलं असतं. पुढे ओरड झाली आणि महसूल मंडळांच्या पातळीवर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करून भर घालावी लागली. तेव्हा रडार नव्हतं, निर्देशांक होते. पण चुकीची जात तीच: यंत्राच्या नकाराला निवाड्याचा दर्जा दिला.

यावर उत्तर ठरलेलं आहे: तंत्रज्ञान थांबत नाही, निसार आला आहे. खरं आहे. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्यावर २४ सेंटिमीटरची लांब लहर आणि इस्रोची सुमारे साडेनऊ सेंटिमीटरची लहर अशी दोन रडारं आहेत. लांब लहर पाल्यातून जास्त खोल जाते, खोडापर्यंत पोचते, खोड-पाण्याच्या काटकोनावरून उजळ होऊन परत येते. उसाखालचं पाणी शोधायला याहून चांगली संधी आजवर मिळालेली नव्हती आणि तिचं स्वागतच करायला हवं. पण निसारही त्याच वाटेवर १२ दिवसांनी येतो. आणि आडव्या पडलेल्या, गाळानं माखलेल्या, दाट आडसाली उसात ती लहर नेमकी किती उतरते, हे वाळव्याच्या आणि पलूसच्या रानात मोजूनच ठरवावं लागेल. मोजायचं म्हणजे काय? कुठल्या गटात कुठल्या तारखेला किती फूट पाणी होतं आणि पीक कोणतं होतं, याची जमिनीवरची नोंद हवी. दुसऱ्या शब्दांत, पंचनामा हवा.

इथं पंचनामे मोडीत काढणाऱ्यांचा युक्तिवाद स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो. यंत्र शिकतं ते जमिनीवरच्या सत्यावरून. ध्रुवीय अभ्यासकांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच की त्यांना ते सत्य मिळत नाही. सांगली बुडाली त्याच वर्षी, २० सप्टेंबर २०१९ला, जर्मनीचं ‘पोलारश्टेर्न’ हे संशोधनजहाज नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून निघालं आणि आर्क्टिकच्या बर्फात स्वतःला मुद्दाम गोठवून घेऊन वर्षभर त्याच्याबरोबर वाहत राहिलं. अनेक देशांचे शेकडो संशोधक आळीपाळीनं तिथं राहिले, त्यांनी बर्फ कापला, त्याची जाडी, खारटपणा आणि ओल मोजली. त्यातला एक हेतू हाच होता की वरून जाणाऱ्या उपग्रहांची मोजमापं खालच्या बर्फाशी ताडून बघावीत. ज्या सत्यासाठी त्यांना अंधारात, गोठणबिंदूच्या कितीतरी खाली वर्ष काढावं लागलं, ते आपल्याकडे प्रत्येक महापुरानंतर गट नंबरासकट, पिकासकट, पंचांच्या सह्यांसकट लिहिलं जातं. आणि आपण ते तहसील कचेरीच्या कपाटात कोंबून ठेवतो आणि वर म्हणतो की आता याची गरज काय!

म्हणून भांडण रडार की पंचनामा असं नाहीच. २०१९ आणि २०२१चे पंचनामे नावं वगळून गटवार संगणकावर आणा आणि त्याच दिवसांच्या रडारचित्रांशी ताडून बघा. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्याकडे हे करण्याची ताकद आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला तर पूर दारातच येतो. त्यातून कळेल की उसात किती टक्के पाणी निसटतं, वस्तीत किती, खाचरात किती खोटं दिसतं.

तोवर मदतीच्या कामात जे नकाशे वापरले जातील त्यांच्यावर चित्र कुठल्या तारखेचं आणि किती वाजताचं, उपग्रह कोणता, लहर किती लांबीची, कंपनाच्या जोड्या कोणत्या, हे छापलेलं असावं. ‘बुडालेलं’ आणि ‘न बुडालेलं’ या दोन रंगांच्या जोडीला ‘सांगता येत नाही’ असा तिसरा रंग सक्तीचा करावा, आणि उभा ऊस, दाट वस्ती, डोंगराची सावली यांना पुरेसा पुरावा नसताना तोच रंग मिळावा. जिथं रडार स्पष्ट होकार देतं आणि तिथं भातखाचर किंवा सावली नाही, तिथं पंचनाम्याची वाट न बघता पहिली मदत द्यावी, म्हणजे तलाठ्याचा वेळ वाचेल. तो वाचलेला वेळ त्यानं तिसऱ्या रंगाच्या गटांत घालवावा. पंचनाम्याच्या अर्जात पाण्याची उंची आणि पाणी किती दिवस राहिलं, हे दोन रकाने प्रत्येक गटासाठी भरलेले असावेत.

आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी मदतीच्या शासन निर्णयात एक वाक्य यावं: उपग्रहाच्या नकाशात पाणी दिसत नाही, एवढ्याच कारणावरून कोणत्याही खातेदाराचा दावा फेटाळता येणार नाही. हे वाक्य लिहायला उपग्रह लागत नाही, निधी लागत नाही आणि समितीही लागत नाही. जे म्हणतात की रडार कधी चुकत नाही, त्यांची तर याला हरकत असण्याचं काहीच कारण नाही.